निषेधाला लागणारी जागा

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी दुर्ग सोडते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला लागोपाठ तीन वेळा भिलाईचे नाव वाचावयास मिळते. आधी भिलाई नगर, मग भिलाई पॉवर हाऊस, आणि त्यानंतर नुसते भिलाई. हे तिसरे स्टेशन ज्या वस्तीत आहे तिला लोक भिलाई-३ म्हणतात. तिच्या पुढे चरोद्याचे विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड पसरले आहे, आणि तेथून रायपूर फार दूर नाही. ज्या आखीव नगराने भिलाईचे नाव देशभर नेले, ते नगर या स्टेशनाच्या मागे, पश्चिमेला राहते. निव्वळ 'भिलाई' हे नाव मात्र रेल्वेने याच जुन्या वस्तीकडे राहू दिले आहे.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले तोवर छत्तीसगडावर भोसल्यांचा अंमल होता, आणि रायपूर-दुर्गकडची मराठी घराणी त्या काळाची आठवण अजून सांगतात. परंतु आजचा विषय इतिहासाचा नाही. तो जागेचा आहे. माणसांना एकत्र येऊन 'आम्हांला हे मान्य नाही' असे म्हणावयाचे असेल, तर त्यांनी ते कोठे उभे राहून म्हणावे? नगर रचणारा, इमारत बांधणारा, चौक आखणारा या प्रश्नाचे उत्तर देतोच. त्याने विचार केला नाही, तरी त्याने ओढलेली रेषा उत्तर देते. भिलाईत हे उत्तर काय मिळाले, ते पाहण्यासारखे आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर नगरही वाढले. सेक्टरामागून सेक्टर आखले गेले. प्रत्येकात शाळा, बाजार, खेळावयास जागा, दुतर्फा झाडे असलेले रस्ते. आणि साऱ्यांच्या मध्यभागी सिव्हिक सेंटर. भाताच्या शेतांच्या मुलखात उभे राहिलेले ते नगर पाहून त्या काळच्या माणसाला देशाचे भवितव्य डोळ्यांसमोर दिसल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. ते नगर खरोखरच चांगले होते. बऱ्याच अंशी आजही आहे.

तथापि, नगररचनाकाराच्या मनात नागरिकाचे एक चित्र असते, आणि तो नगर बांधतो ते त्या चित्रासाठी. भिलाईच्या नकाशातला नागरिक सकाळी पाळीवर जातो, त्याची मुले शाळेत जातात, त्याची पत्नी बाजार करते, आजारी पडला तर तो इस्पितळात जातो, संध्याकाळी बागेत बसतो. या माणसाचे काही गाऱ्हाणे असेल आणि ते घेऊन तो शेदोनशे सोबत्यांसह कोठेतरी जाऊन उभा राहील, ही कल्पना नकाशात नाही. राष्ट्राच्या मालकीच्या कारखान्यात राष्ट्राच्या नागरिकाचे गाऱ्हाणे असावयाचेच कशाला, अशी त्या काळची श्रद्धा होती. तिला हसण्याचे कारण नाही; पण तिने एक जागा कोरी ठेवली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हावडा-मुंबई लोहमार्ग आणि त्याला जवळजवळ समांतर जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड यांनी भिलाईचे दोन भाग केले. रुळाच्या एका अंगाला कारखाना आणि त्याचे आखीव सेक्टर. दुसऱ्या अंगाला सुपेला, कॅम्प, खुर्सीपार, जामुल अशा वस्त्या आणि खाजगी कारखाने. पोलाद कारखान्याच्या आश्रयाने जे लहानमोठे उद्योग निघाले, त्यांचे कामगार बहुतांशी या दुसऱ्या अंगाला राहिले. त्यांपैकी पुष्कळसे कंत्राटी. कारखान्याने आखलेल्या नगराशी त्यांचा संबंध एवढाच की, सायकल हाती धरून ते फाटक उघडण्याची वाट पाहत. नगराची मैदाने कारखान्याच्या मालकीची होती, आणि हे लोक त्या कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हते. दोन्ही भिलाईंमध्ये समाईक अशी जागा एकच होती. ती म्हणजे मधला रूळ.

१९९० च्या सुमारास या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना छत्तीसगड मुक्ती मोर्चाने संघटित केले. शंकर गुहा नियोगी हे त्यांचे नेते. ते तरुणपणी भिलाईच्या कोकभट्टीत काम करीत, तेथून कामावरून कमी झाले, आणि पुढे दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींत त्यांनी कामगारांची मोठी संघटना उभी केली. मागण्या साध्या होत्या: नोकरीत कायम करावे, जगण्यापुरते वेतन द्यावे, संघटना मान्य करावी, कमी केलेल्यांना परत घ्यावे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील हुडको वसाहतीत, घरात झोपलेले असताना, खिडकीतून गोळ्या घालून नियोगींची हत्या झाली. खटला वर्षानुवर्षे चालला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्यास दोषी ठरविले आणि इतर आरोपींची सुटका कायम ठेवली.

नेता गेला, मागण्या राहिल्या. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनाजवळ कामगार, त्यांच्या बायका आणि मुले रुळावर जाऊन बसली. दिवसभर गाड्या खोळंबल्या. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधरांहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही त्या दिवशी बळी गेला.

रूळच का, हा प्रश्न विचारावयास हवा. कायद्याने रूळ अडविणे गुन्हा आहे, हे बसणाऱ्यांना माहीत नव्हते असे नव्हे. पण वस्तीतल्या एखाद्या मोकळ्या जागेत हजार माणसे महिनाभर बसली, तरी ती कोणाला दिसणार? पॉवर हाऊसजवळच्या लाल मैदानावर सभा भरतात, लाल-हिरवे झेंडे लागतात; पण मैदानासमोर ज्याच्याकडे मागणी करावयाची तो राहत नाही, ज्याने निर्णय घ्यावयाचा तोही नाही. त्या काळी राजधानी भोपाळला होती, आणि भोपाळ शेकडो किलोमीटर दूर. रूळ मात्र मुंबईपासून हावड्यापर्यंत एक आहे. तो भिलाईत थांबला की नागपुरात थांबतो, बिलासपुरात थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी देशाला भिलाईचे नाव ऐकू येते. ज्यांना दरवाजा नव्हता त्यांनी देशाच्या धमनीवर बोट ठेवले.

आणि हीच जागा माणसांना बसण्यास सर्वांत वाईट. लोहमार्ग ही लांबच लांब, अरुंद पट्टी असते. तिच्यावर बसलेली गर्दी वर्तुळाकार होत नाही, ओळीत पसरते. एका टोकाला काय घडते ते दुसऱ्या टोकाला कळत नाही, आणि मधल्यांना केवळ आरडाओरडा ऐकू येतो. भराव, तारा, सिग्नलचे खांब, फलाटाची उंच कड यांमुळे बाजूला पळावयास वाट कमी. पायांखाली सगळी खडी, म्हणजे माथे फिरलेल्या कोणाच्याही हाताशी दगडांचा साठा. बसण्यास सावली नाही, पिण्यास पाणी नाही, लहान मुलाला नेऊन झोपवावे असा कोपरा नाही. ज्या जागेत शांतपणे बसणे कठीण, तेथेच शांत सत्याग्रहाची पाळी यावी, याला केवळ दैवदुर्विलास म्हणून भागत नाही. गोळीबाराची जबाबदारी गोळीबार करणाऱ्यांची आणि करविणाऱ्यांची; पण माणसे तेथे येऊन का बसली, याचा हिशेब नगराच्या नकाशाकडेही मागावा लागेल.

याच लोहमार्गावर पश्चिमेस नागपूर. तेथील २३ नोव्हेंबर १९९४ ची संध्याकाळ महाराष्ट्र विसरलेला नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते आणि गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा आदिवासींच्या सवलतींची मागणी घेऊन सीताबर्डी भागात येऊन थांबला होता. दिवसभर उन्हात तिष्ठलेले लोक, त्यांत स्त्रिया आणि मुले फार. पुढे अडथळे, मागून येणारी गर्दी. लाठीमार झाला, लोक उलटले, आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. तेथे गोळी सुटली नव्हती. माणसांना मारले ते रस्त्याच्या आकाराने: ज्या रस्त्यात गर्दी शिरू शकते पण फाकू शकत नाही, अशा रस्त्याने. नागपुरात झिरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे, आणि जवळच्या उड्डाणपुलाला त्या हुतात्म्यांचे नाव दिले आहे. दरवर्षी अधिवेशन नागपुरात भरणार आणि मोर्चे येणार, हे सरकारी पंचांगाइतके ठरलेले असते. ज्या गर्दीची तारीखसुद्धा आधी माहीत असते, तिच्यासाठी जागा आखणे हे काही अशक्य कोटीतले काम नव्हे.

राज्यकर्त्यांनी गर्दीचा विचार केला नाही असे मात्र नाही. त्यांनी तो उलट्या बाजूने पुष्कळ केला. १८५३ पासून सतरा वर्षे जॉर्ज ओसमान याने पॅरिसचे जुने बोळ पाडून रुंद, सरळ राजरस्ते काढले. हवा, पाणी, गटारे, शोभा ही कारणे होतीच. त्याबरोबर १८३० आणि १८४८ साली ज्या अरुंद गल्ल्यांतून बंडखोरांनी मोर्चेबंदी केली त्या गल्ल्या मोडाव्यात, लष्कर वेगाने नेता यावे, हाही हेतू होता. तरी १८७१ साली पॅरिसमध्ये पुन्हा मोर्चेबंदी झालीच. नवी दिल्ली साम्राज्याच्या मिरवणुकीसाठी आखली गेली. स्वातंत्र्यानंतर त्याच राजपथाच्या बाजूची बोट क्लबची हिरवळ सभांची जागा झाली, आणि १९८८ च्या ऑक्टोबरात महेंद्रसिंह टिकैत यांच्याबरोबर आलेले शेतकरी बैलगाड्या, हुक्के आणि गुरे यांच्यासह तेथे मुक्काम ठोकून राहिले. पुढे तेथील सभा बंद झाल्या, आणि १९९३ पासून निषेध जंतर-मंतरच्या रस्त्यावर हलविण्यात आला. २०१७ साली हरित न्यायाधिकरणाने तोही आवाजाच्या कारणाने थांबविला. २०१८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी मान्य केली नाही, नियमांखाली मुभा दिली. भिलाईच्याच पिढीचे चंडीगड घ्या. ल कॉर्बुझिए याने विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये भव्य मोकळे पटांगण सोडले. आज ते पाहावयास जाणाऱ्याला परवानगी घेऊन, पहाऱ्याखालून जावे लागते. सभा आणि धरणी यांच्यासाठी शहराच्या कडेचे सेक्टर २५ मधले मैदान. पटांगण आहे, लोक नाहीत. लोक आहेत, तेथे ऐकणारा नाही.

मुंबईची गोष्ट या बाबतीत जरा गमतीची आहे. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे एकाच मोठ्या पटांगणाचे तुकडे. किल्ल्यावरच्या तोफांना मारा करावयास समोर अडथळा नको, म्हणून कंपनी सरकारने तटाबाहेरची घरे पाडून हा एस्प्लनेड मोकळा ठेवला होता. १८६० नंतरच्या दशकात तट पाडले गेले, तोफा गेल्या. तोफेसाठी मोकळी ठेवलेली जमीन लोकांच्या हाती आली. एवढी मोठी सभेची जागा इंग्रजांनी बुद्ध्या कधीच दिली नसती.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाला तर मुंबईच्या नकाशाने जणू हात दिला. १९२५ साली खुले झालेले आणि १९२७ पासून शिवाजी पार्क या नावाने ओळखले जाणारे दादरचे मैदान मध्यमवर्गीय वस्तीच्या पोटात आहे. त्याच्या भोवतीचा कट्टा हे एक लहानसे स्थापत्य. पण त्या कट्ट्याइतके लोकशाहीला उपयोगी पडलेले बांधकाम मुंबईत क्वचितच असेल. सभा सुरू होण्यापूर्वी तासभर त्यावर बसून माणसे वाद घालतात. सभा संपल्यावर घरी जाण्यापूर्वी पुन्हा टेकतात. मैदानाला चहूंकडून रस्ते येऊन मिळतात, म्हणून लाखाची सभा अर्ध्या तासात विरघळते. सभा ही घराच्या अंगणात भरल्यासारखी होत असे. आजी नातवाला घेऊन आचार्य अत्र्यांचे भाषण ऐकावयास येत असे ती यामुळेच. (शांतता क्षेत्राच्या नियमांनी २०१० पासून तेथील सभांवर पुष्कळ मर्यादा आल्या, हा पुढचा भाग.)

दादरहून लोक निघत ते कोटात येत. तेव्हा विधानसभा कौन्सिल हॉलमध्ये भरे, आणि त्या वाटेवर फ्लोरा फाउंटन लागतो. तेथे रस्ते एकत्र येतात; कचेऱ्या सुटण्याची वेळ झाली की कारकून, कामगार, वाटसरू सगळे एका ठिकाणी मिळतात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेले मोर्चे तेथे अडविले गेले आणि गोळीबार झाला; त्या एका दिवशी पंधरा माणसे गेली. हुतात्मा स्मारकातील शेतकरी आणि कामगार त्याच चौकात मशाल घेऊन उभे आहेत. १९८१ साली विधानभवन नरिमन पॉइंटला गेले, म्हणजे तीन बाजूंनी समुद्र असलेल्या टोकावर. कोणी मोर्चे टाळण्यासाठी ती जागा निवडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण परिणाम तोच झाला. मोर्चे पुढे आझाद मैदानातच थोपविण्याचा शिरस्ता पडला, आणि फाटकाशी जाऊन उभे राहण्याची जुनी रीत संपली. शिष्टमंडळ मोटारीतून आत जाते. लोक मैदानात वाट पाहतात.

मराठी माणसाने निषेधासाठी इमारतीच्या रचनेचा जाणून उपयोग केल्याचे उदाहरण हवे असेल, तर नाशिकला जावे. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या तटाला चार दिशांना चार दरवाजे. ते बंद करण्यात आले, तेव्हा १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांशी वाटून बसविण्यात आली. मंदिर बांधणाऱ्याने दरवाजे ठेवले ते भक्तांनी आत यावे म्हणून. दरवाजा बंद झाला की तो कोणाला बाहेर ठेवतो हे जगाला दाखविणारा फलक बनतो. डॉक्टर आंबेडकरांच्या अनुयायांना वेगळा चौक, वेगळे व्यासपीठ लागले नाही. बंद दारच व्यासपीठ झाले.

मग बांधणाऱ्याने करावे काय? निषेधासाठी 'निषेधभवन' बांधावे, अशी सूचना कोणी केली तर ती हसण्यावारी जाईल, आणि जावी. कुंपण घालून, पाटी लावून दिलेल्या निषेधाच्या जागेतून निषेध सर्वांत आधी निघून जातो. पण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा ज्यांनी मुंबईत पाहिला, त्यांना गरजा कळल्या असतील. शालान्त परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून ते लोक शीवच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. त्यांच्या पायांना फोड आले होते. त्यांना हवे होते पाणी, सावली, संडास, टेकावयास कोरडी जमीन आणि परतीला स्टेशन जवळ. २०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे याच मैदानात उपोषणाला बसले. परवानगी पाच हजारांची, लोक आले त्याच्या कितीतरी पट, आणि पावसात चिखल झालेल्या मैदानातून ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटांवर आणि भुयारी वाटांत निजले. नगराने जागा दिली नाही की गर्दी स्टेशन गाठते, हा भिलाईचा धडा मुंबईत पुन्हा दिसला. फरक इतकाच की येथे लोक रुळावर बसले नाहीत, फलाटावर झोपले.

जमीन पाणी निचरणारी असावी, चहूंकडून बाहेर पडता यावे, पायऱ्या असाव्यात म्हणजे मागच्यालाही पुढचा बोलणारा दिसतो, नळ आणि संडास रोजच्या फिरणाऱ्यांसाठीच असावेत म्हणजे गर्दीच्या दिवशीही ते चालू राहतात. आणि मुख्य म्हणजे ज्याला ऐकवावयाचे त्याच्या खिडकीतून ती जागा दिसावी. यांतले बहुतेक सारे कोणत्याही चांगल्या बागेत असतेच. उरते ती शेवटची अट, आणि तीच कोणी पुरी करीत नाही.

भिलाईच्या दक्षिणेस, जेथून कारखान्याला लोहदगड जातो त्या दल्ली-राजहऱ्यात, नियोगींच्या खाणकामगारांनी या प्रश्नाला आपल्या परीने निराळे उत्तर दिले. १९७७ च्या जून महिन्यात तेथेही गोळीबार झाला होता आणि अकरा जण दगावले होते. पुढे संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात गेल्या, आणि दवाखाना आपलाच हवा ही गोष्ट लोकांच्या मनाने घेतली. कामगारांनी वर्गणी काढली, पाळी संपल्यावर येऊन स्वतः विटा वाहिल्या, आणि ३ जून १९८३ रोजी शहीद इस्पितळ सुरू झाले. आरंभी खाटा अवघ्या पंधरा. बिनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर तेथे येऊन राहिले. 'संघर्ष आणि निर्माण' ही घोषणा नियोगी देत असत. तिचा दुसरा शब्द तेथे विटांत आहे. इस्पितळाला अकरा मृतांची आठवण म्हणून नाव मिळाले, आणि त्या नावाखाली रोज बाळंतपणे होतात, मलेरियाचे रक्त तपासले जाते.

भिलाईत असे काही उभे राहिले नाही. दर वर्षी १ जुलैला पॉवर हाऊस स्टेशनाच्या आवारात कामगार आणि मृतांचे कुटुंबीय जमतात. तेव्हा आईच्या मांडीवर असलेली मुले आता तिशी ओलांडून गेली आहेत. पावसाचे दिवस असतात. छत्री सावरीत हार घातले जातात, नावे वाचली जातात. मध्येच हावड्याकडची गाडी फलाटाला लागते. प्रवासी खिडकीतून विचारतात, काय आहे म्हणून. कोणी सांगतो, तोवर गाडी सुटलेली असते, आणि पुढचे स्टेशन येते नुसते भिलाई.